प्रत्यक्ष पाहणी केली

"माझा अंदाज चुकला ना, तर ऑफिसातून घरापर्यंत उलटा चालत जाईन!"

हे वाक्य तो एकोणीस वर्षं बोलत होता, आणि एकोणीस वर्षांत एकदाही त्याला उलटं चालावं लागलं नव्हतं. आता त्याला सरळसुद्धा चालता येत नाही, पण ते पुढं येईलच.

ऑफिसात त्याला फूटपट्टी म्हणायचे. उंच, सडपातळ, आणि वाकायचं नाव नाही! कंपनीचं काम जमिनीखालून इंटरनेटच्या केबली टाकायचं. गल्ल्या खणायच्या, पाइप घालायचे, मध्ये मध्ये चेंबर बांधायचे, सगळं बुजवायचं आणि पुढच्या गल्लीच्या शिव्या खायला निघायचं. यातलं खणायचं-बुजवायचं काम घाम गाळणाऱ्यांचं. फूटपट्टीचं काम खुर्चीतलं. पहिली कुदळ पडायच्या आधीच तो सांगणार, खोदाई किती मीटर, पाइप किती, माणसं किती, दिवस किती, आणि मग सगळा मिळून खर्च किती. त्याचा कागद टेंडरात जायचा. टेंडर मिळालं की तोच कागद मुकादमाच्या गळ्यात पडायचा. मुकादमानं काम त्या कागदात बसवायचं. बसलं तर फूटपट्टी हुशार, आणि नाही बसलं तर मुकादम गाढव!

नियम असा होता, की कागद करायच्या आधी अंदाजवाल्यानं स्वतः जागेवर जायचं. त्यासाठी लांब दांड्याचं एक मोजायचं चाक दिलं होतं. ते ढकलत रस्ता चालायचा, जमीन बघायची, दगड आहे का, दारं किती, कोण राहतं. मग शेवटच्या पानावर एक चौकोन असायचा, 'प्रत्यक्ष पाहणी केली', त्यात खूण करायची.

फूटपट्टी खूण करायचा. जायचा नाही. चाक कपाटाला टेकवून ठेवलं होतं, त्याच्यावर छत्री वाळत घालायचा.

"जमीन काय बघायची?" तो म्हणायचा. "जमीन सगळीकडं खालीच असते!"

आणि नकाशा तरी कसा, त्याच्यावर गल्लीचं नाव नाही, घर नाही, माणूस नाही. नुसती लाल रेघ आणि 'भाग सात, चेंबर चौदा ते एकवीस'. फूटपट्टीनं अशा हजारो रेघा मोजल्या असतील. रेघेच्या कडेला कोणी राहतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

तर तीन महिन्यांपूर्वी मोठ्या साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. "आकडा मोठा दिसतोय. दुसरी कंपनी घेऊन जाईल. छाटा जरा."

फूटपट्टी कात्री घेऊनच बसला. भाग सातमध्ये 'जमीन : खडक असण्याची शक्यता' लिहिलेलं होतं, तिथं केलं 'मऊ माती'. दोन चेंबरमधलं अंतर साठ मीटर होतं, ते सत्तर केलं, तेवढेच चेंबर कमी. मग राहिल्या फळ्या. चर खणला की घराघरापुढं ये-जा करायला फळ्या टाकतात ना, त्या. फूटपट्टीनं तिथं मोठं शून्य काढलं.

टाइप करणाऱ्या बाई थांबल्या. "आणि लोक घरात कसे जाणार?"

"उडी मारून! पाय कशाला दिलेत माणसाला?"

"म्हातारी माणसं असतात हो."

"बाई, तुम्ही टाइप करा."

बाईंनी टाइप केलं. शेऱ्याच्या रकान्यात फूटपट्टीनं सांगितलं तसं घातलं : 'फळ्यांची गरज नाही. प्रत्यक्ष पाहणी केली.'

टेंडर मिळालं! साहेबांनी पाठीवर अशी थाप मारली, की फूटपट्टी दोन दिवस त्या जागेवर हात फिरवत होता.

आता घरची गोष्ट. खाली आईची खोली, वर हे नवरा-बायको. आईच्या खोलीला गल्लीकडं खिडकी. तिथं बसून आई अख्ख्या गल्लीची हजेरी घ्यायची. कोण उशिरा आलं, कोणाचं कोणाशी बिनसलं, शिंप्यानं कोणाची पँट आखूड केली, सगळं! मागच्या वर्षी ती दारातल्या तीन पायऱ्यांवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, दोनदा ऑपरेशन झालं आणि शेवटी चाकाची खुर्ची आली. ताई, म्हणजे ह्याची थोरली बहीण, तिला आपल्या शहरात घेऊन गेली. दहा महिने झाले. आई रोज संध्याकाळी फोनवर एकच विचारायची, "माझी खिडकी उघडतोस ना रे? बंद ठेवली की कोंदट वास येतो तिला."

म्हणून फूटपट्टीनं पायऱ्या फोडून तिथं उतार बांधून घेतला. गवंड्याच्या डोक्यावर बसून! एक हात उंचीला बारा हात लांबी, केसाचा फरक नाही. आईच्या खिडकीला नवा पडदा आणला, निळ्या फुलांचा, तिला आवडतो तसा. आणि ताईला फोन लावला.

"ये घेऊन. सगळं तयार आहे."

"रविवारी आणते," ताई म्हणाली. "पण ऐक. डॉक्टरांनी तिला उचलायला साफ मनाई केलीय. सांधा अजून कच्चा आहे. खुर्ची गाडीतून उतरून सरळ खोलीत गेली तर आई तुझी. नाही गेली, तर त्याच गाडीनं परत, आणि मग हा विषय माझ्यापुढं काढायचा नाही. तिची इथं कायमची सोय करते मी. सारखी ने-आण करायला ती काय सामान आहे?"

"ताई, माझा अंदाज कधी चुकलाय का?"

ताईनं फोन ठेवला. मागून आईचा आवाज आला होता, "माझा चष्मा भर गं आधी." अजून पाच दिवस होते, आणि आई चष्मा भरायला निघाली होती!

बुधवारी सकाळी दाराबाहेर धडधड सुरू झाली. फूटपट्टी तोंडातला ब्रश तसाच धरून बाहेर आला. खोदायचं यंत्र, पाइपांची भेंडोळी, आठदहा माणसं, आणि कंपनीचा मुकादम.

"कुणाचं काम रे हे?"

"आपलंच की साहेब! भाग सात!"

इथं शहाणा माणूस आधी आपला कागद शोधायला धावला असता. ह्याची छाती फुगली! चूळ भरली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि गल्लीतून चक्कर मारली. "हे सगळं माझ्या डोक्यातून निघालंय बरं का! कुठं किती खणायचं, कुठं काय बसवायचं, सगळं माझं!"

समोर शिंप्याचं दुकान. तो म्हणाला, "किती दिवस धूळ खायची?"

"दोन दिवस. लिहून घे!"

शिंप्यानं खरंच लिहून घेतलं. कापडावर मारायच्या खडूनं, दुकानाच्या दारावर, मोठ्ठा दोन.

गुरुवारी फूटपट्टी ऑफिसातून परत आला तर उताराच्या तोंडाशी खड्डा. चर नाही हो, खड्डा! चर तर लांब टांग टाकून ओलांडता येतो. हा खाटेएवढा रुंद आणि कंबरभर खोल, आणि तळाशी काळाकुळकुळीत खडक. यंत्र बंद, माणसं बसलेली.

"हे काय?"

"चेंबर सतरा," मुकादम म्हणाला.

"माझ्याच दारात?"

"साठ मीटरचं अंतर असतं तर तिकडं चार घरं अलीकडं आला असता. कागदात सत्तर आहे. मोजलं, तर बरोबर तुमच्या दारात! तुमचा हिशोब म्हणजे हिशोब साहेब, एक इंच इकडं नाही."

"मग आटपा की!"

"खाली खडक लागला. खडक फोडायचं यंत्र कागदात नाही. कागदात मऊ माती आहे." मुकादमानं घडी घातलेला कागद काढला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा वाचला. "'मऊ माती. प्रत्यक्ष पाहणी केली.' पाहणी कधी केलीत साहेब? आम्हाला तर पहिल्या घावाला ठिणग्या दिसल्या!"

आता गंमत बघा. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तो शेरा खोटा नव्हता. ह्या जमिनीवरून तो रोज दोनदा चालत होता!

"बरं, खडकाचं नंतर बघू. इथं दोन फळ्या टाक. रविवारी आई येतेय माझी."

"फळ्या कागदात नाहीत."

"अरे, दोन फळ्या रे!"

"साहेब, मागच्या कामावर मी कागदाबाहेरचे चार खिळे वापरले. चार! तुम्ही तीन पानांचं पत्र पाठवलंत. माझी पगारवाढ गेली. बायकोला अजून सांगितलेलं नाही." हे बोलताना तो हसत नव्हता. "बदलपत्र आणा. कागद दिसला की फळ्या टाकतो."

बदलपत्राची पद्धत फूटपट्टीनंच काढलेली. काम कागदाबाहेर गेलं, तर ज्याची चूक त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं, 'माझ्या अंदाजात चूक होती', खाली सही, आणि वर साहेबांची सही. असली पत्रं त्यानं किती मुकादमांकडून लिहून घेतली होती! फायलीत ओळीनं लावून ठेवली होती. स्वतःचं एक नव्हतं.

शुक्रवारी तो बदलपत्र पुढं घेऊन बसला. चार शब्द लिहायचे होते. पेन टेकवलं की हात लाकडाचा व्हायचा. शेवटी त्यानं काय लिहावं? 'जमिनीने अपेक्षेप्रमाणे सहकार्य केले नाही.'

साहेबांनी वाचलं. चष्मा वर केला. "म्हणजे चूक जमिनीची?"

"तसं नाही साहेब, पण..."

"मग जमिनीची सही कुठंय?"

बाहेर टाइपवाल्या बाई खोकल्या. खोकला होता की आणखी काही, कोण जाणे.

"सरळ लिहून आणा, लगेच सही करतो," साहेब म्हणाले. "बारा वाजता निघतोय मी. मंगळवारी येईन."

फूटपट्टी जागेवर येऊन बसला. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. त्यानं 'माझ्या' लिहिलं. मग 'अंदाजात' लिहिलं. पावणेबारा झाले. एकोणीस वर्षं डोळ्यांपुढून गेली. त्या फायलीतले सगळे मुकादम ओळीनं उभे राहून आपल्याकडं बघतायत, असं त्याला वाटायला लागलं. 'चूक' लिहायला पेन टेकवलं, तर खाली साहेबांच्या गाडीचं दार वाजलं.

चार शब्दांतले दोन झाले होते!

शनिवारी तो लाकडाच्या वखारीत गेला. कंपनीच्या नाहीत तर स्वतःच्या आणू! वखारवाला म्हणाला, "फळ्या? एक शिल्लक नाही. कुठल्या तरी गल्लीत कोणा शहाण्यानं फळ्यांशिवाय खणायला लावलंय. काल सगळी गल्ली येऊन घेऊन गेली. तुम्ही कुठं राहता?"

"लांब," फूटपट्टी म्हणाला.

मग घरोघर. पण बुधवारी इस्त्रीचा शर्ट घालून फिरला होता ना, ते लोकांच्या चांगलं लक्षात होतं. एकानं फळी दाखवली आणि दार लावून घेतलं. शिंप्यानं तर इस्त्रीचं टेबलच चरावर आडवं घातलं होतं, त्याच्यावरून गिऱ्हाईक चालत होतं. "हे देऊ? आणि मी इस्त्री काय तुझ्या पाठीवर करू? उडी मार की! तुझ्याच ऑफिसच्या बाई सांगत होत्या, ब्लाउज शिवायला आल्या होत्या तेव्हा. लोक उडी मारतील म्हणालास म्हणे!"

दुकानाच्या दारावरचा दोन खोडलेला होता. त्याखाली रेघा मारल्या होत्या, दिवसाला एक.

घरी आला आणि सरळ बाथरूमचं दार बिजागऱ्यांतून काढायला लागला.

"अहो! काय करताय?" बायको धावत आली.

"सहा फूट आहे. खड्डा साडेपाच. बरोबर बसतं."

"आणि आंघोळ?"

"पडदा लाव एखादा! अंदाजे तीन-चार दिवस."

"तुमचे अंदाज!" म्हणत तिनं घरात होता तो एकुलता एक धड पडदा काढला आणि बाथरूमला लावला. निळ्या फुलांचा.

"आईच्या खिडकीचा?"

"मग काय साडी लावू?" ती स्टुलावरून उतरली आणि जरा खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, साहेबांना फोन करा. चूक झाली म्हणा. एवढंच तर म्हणायचंय."

"तुला ऑफिसातलं कळत नाही."

"मला आई कळतात," ती म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

रविवारी अकराला ताईची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. मागचं दार उघडलं, गाडीलाच जोडलेलं फळकूट खाली आलं आणि आई खुर्चीसकट रस्त्यावर उतरली. नवी साडी, मांडीवर चष्म्याची डबी. खुर्ची ढकलत ताई खड्ड्यापर्यंत आली आणि थांबली. अख्खी गल्ली दारात. मुकादमसुद्धा आलेला, सुट्टी असून!

पलीकडं उताराच्या तोंडाशी फूटपट्टी, मध्ये बाथरूमचं दार.

आईनं आधी खिडकीकडं बघितलं. उघडी होती. तिचा चेहरा एकदम उजळला.

मग ताई म्हणाली, "हे काय आहे?"

"पूल आहे! तात्पुरता. ढकल बिनधास्त."

"ह्याला कडी आहे."

"कडीनं काय होतंय!"

"आईला मी कडी असलेल्या पुलावरून नेणार नाही. आधी तू ये चालत."

"येतो की! अगं, माझं वजन आणि खुर्चीसकट आईचं वजन, हिशोब केलाय मी रात्री. दुप्पट भार झेलेल हे!"

"साहेब," मुकादम पुढं झाला, "थांबा. दाराचा खालचा भाग बघितलात का? बाथरूमचं दार आहे. वर्षानुवर्षं पाणी..."

"तू मला शिकवणार?"

"शिकवत नाही. हात लावून बघा म्हणतोय."

हात लावून बघायचं! म्हणजे प्रत्यक्ष पाहणी! ते फूटपट्टीनं एकोणीस वर्षांत केलं नव्हतं. तो ताठ मानेनं दारावर चढला. एक पाऊल. दोन पावलं. मधोमध थांबला, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि म्हणाला, "बघ! हललं का?"

हललं नाही. सरळ तुटलं.

आवाज कसा झाला, तर ओल्या बिस्किटासारखा झाला, म्हणजे झालाच नाही. मोठा आवाज नंतर आला, फूटपट्टीचा, खालून, खडकावरून. मऊ मातीवरून! गल्लीत सगळे मोठ्यानं हसले. मग त्याचा पाय कुठल्या बाजूला वळलाय ते दिसलं आणि हसणं जागच्या जागी थांबलं.

मुकादमानं पहिली उडी घेतली. "हलू नका साहेब. हलू नका." त्यानं आपला शर्ट काढून त्याच्या डोक्याखाली ठेवला. चार खिळेवाल्या मुकादमानं!

वरून आई खुर्चीतून वाकून बघायला धडपडत होती. तिला अजून वाकता येत नव्हतं, ताईनं खांदे धरून ठेवले होते.

"लागलं का रे बाळा?"

"नाही आई. थोडंसंच. अंदाजे..."

"बोलू नकोस," आई म्हणाली. "गप्प पड."

ॲम्ब्युलन्स गल्लीत शिरेना, चर होता ना. त्याला उचलून नेलं, शिंप्याच्याच इस्त्रीच्या टेबलावर निजवून. आणि ताईनं खुर्ची फिरवली. गाडीत चढेपर्यंत आई मान वळवून बघत होती. मुलाकडं बघत होती की खिडकीकडं, ते बायकोलाही सांगता आलं नाही. ती तिथं रडत उभी होती.

दवाखान्यात, पाय वर टांगलेल्या अवस्थेत, मंगळवारी फूटपट्टीनं बदलपत्र लिहिलं. 'माझ्या अंदाजात चूक होती.' हात जरासुद्धा अडखळला नाही. अर्धं मिनिट लागलं. साहेबांनी तासाभरात सही करून पाठवलं.

तेरा दिवसांनी घरी सोडलं. पायाला जांघेपर्यंत प्लास्टर, बुडाखाली चाकाची खुर्ची. गल्लीत शिरला तर काय, खड्ड्यावर दोन फळ्या! नव्याकोऱ्या, जाड, कडेला आधार ठोकलेला. मुकादमानं स्वतः ठोकल्या होत्या. त्यांच्यावरून पहिली खुर्ची गेली ती फूटपट्टीची. मग उतार. उतार मात्र झकास झाला होता हो! बायकोनं एका हातानं ढकललं आणि खुर्ची लोण्यातून गेल्यासारखी आत.

पोहोचल्या पोहोचल्या त्यानं फोन लावला. "आई! फळ्या आल्या. उतार एकदम मस्त आहे, मी स्वतः चढून आलो. आता ये तू."



"तू खाऊन-पिऊन नीट राहा," आई म्हणाली. "इथं ताईनं गॅलरीत बसायची सोय केलीय. खाली शाळा आहे. मुलं सुटतात तेव्हा बरं वाटतं."

"आणि तुझी खिडकी?"

"सवय झाली रे आता इकडची," आई म्हणाली. खिडकी उघडतोस का, ते तिनं त्या दिवशी विचारलं नाही. नंतरही कधी विचारलं नाही.

जिना चढता येत नाही, म्हणून फूटपट्टी खालीच झोपतो, आईच्या खोलीत, आईच्या खाटेवर, खिडकीशी. समोर चेंबर सतरा. खडक फोडायचं यंत्र आज येतं, उद्या येतं. समोर शिंप्याच्या दारावर रेघा मारायला जागा उरली नाही, आता भिंतीवर चालल्यात. सकाळी दुकान उघडलं की तो गळ्यात टेप अडकवून खिडकीपाशी येतो.

"काय फूटपट्टी, अजून किती दिवस? अंदाजे?"

फूटपट्टी पडदा ओढून घ्यायला हात वर करतो.  

पडदा बाथरूमला आहे.